आजारी मुलाच्या आईबापांचं नाटक लिहायला बसण्याआधी

मी लहान मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे आजाराचा त्रास कमी करणाऱ्या सेवेत, नर्स आहे. बरा न होणारा आजार असलेली मुलं आणि त्यांचे आईबाप, हेच माझं रोजचं काम. नाटक, सिनेमा, मालिका लिहिणारी मंडळी अधूनमधून संहिता घेऊन येतात आणि म्हणतात, 'सिस्टर, यातल्या मेडिकल चुका तेवढ्या बघा.' औषधाचं नाव, सलाईनचा वेग, मॉनिटरवरची रेघ हे मी दुरुस्त करून देते. पण बहुतेक संहितांमध्ये खरी गडबड तिथे नसते, आईबापांमध्ये असते. डॉक्टर एक वाक्य बोलतात, दोघं एकाच क्षणी कोसळतात आणि उरलेलं नाटकभर दोघं मिळून रडतात. प्रत्यक्षात असं जवळजवळ कधीच होत नाही. आपलं मूल वाचणार नाही, ही गोष्ट दोघांना वेगवेगळ्या दिवशी कळते. त्या दोन दिवसांच्या मधे घरात जे घडतं, ते तुमचं नाटक. पुढे जे सांगते आहे ते सगळं याच धाग्याला धरून आहे.

आधी आजार ठरवा, आणि साल

'दुर्धर आजार' एवढ्या दोन शब्दांवर नाटक उभं राहत नाही. आजार कोणता, यावर घरातली झोप, आशा, भांडणं, पाहुण्यांचं येणंजाणं सगळं ठरतं. मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरमध्ये ढोबळमानाने चार गट मानतात. ही विभागणी ब्रिटनमध्ये १९९७ मध्ये मांडली गेली, आणि डॉक्टरांइतकीच ती लेखकाच्याही कामाची आहे. पहिल्या गटात उपचाराने बरं होण्याची शक्यता असते, पण उपचार हरू शकतो. कॅन्सर यात येतो. दुसऱ्या गटात अकाली मृत्यू येणार हे माहीत असतं, पण उपचारांमुळे मधली बरीच वर्षं मिळतात, जसं ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायू दुबळे होत जाणाऱ्या आजारात. तिसऱ्यात बरं करणारा उपचारच नसतो आणि आजार वाढत जातो. बॅटन, टे-सॅक्स हे मेंदूचे आनुवंशिक आजार त्यातले. चौथ्यात मूळ इजा वाढत नाही, पण ती एवढी मोठी असते की छातीतला साधा संसर्गही जीवावर बेतू शकतो. मेंदूतल्या इजेमुळे हालचालीवर ताबा नसलेली, तीव्र सेरेब्रल पाल्सीची काही मुलं या गटात असतात.

प्रत्येक गटाचं नाटक वेगळं आहे. पहिल्यात आशा खालीवर होत राहते, रिपोर्टच्या तारखेवर घर श्वास रोखून बसतं. चौथ्यात संकट पुन्हा पुन्हा येतं. पहिल्या वेळी सगळे नातेवाईक धावत येतात, मूल त्यातून वाचतं, घरी येतं. असं काही वेळा झालं की पुढच्या खेपेला कोणी येत नाही आणि आईबाप दोघंच हॉस्पिटलच्या बाकावर बसलेले असतात. हा प्रसंग मी अजून एकाही संहितेत वाचलेला नाही. कोणीतरी लिहा.

तरुण आईबापांची गोष्ट हवी असेल तर तिसऱ्या गटाकडे नीट बघा. टे-सॅक्सचं बाळ जन्मतः अगदी छान असतं. तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास ते आवाजाला नको तेवढं दचकू लागतं. मग जे यायला लागलं होतं ते एकेक जायला लागतं : मान धरणं, पालथं पडणं, हसणं, नजरेला नजर देणं. बहुतेक मुलं चार-पाच वर्षांच्या पलीकडे जात नाहीत. आता यातली नाट्याची गोष्ट ही, की हा आजार आई आणि बाप दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं तरच होतो. दोघंही स्वतः ठणठणीत असतात. एकाच्या माथी दोष मारायची सोयच नाही, आणि तरी दोन्हीकडची माणसं 'आमच्याकडे असं कधी नव्हतं' म्हणतात. शिवाय प्रत्येक पुढच्या गरोदरपणात तोच आजार असण्याची शक्यता २५ टक्के असते. पंचविशीतल्या जोडप्यासमोर हा आकडा ठेवा. एकाला दुसरं मूल हवंसं वाटतंय, आणि दुसऱ्याला ते नुसतं बोलणंही पहिल्याशी बेइमानी वाटतंय. एवढ्यावर पूर्ण दुसरा अंक उभा राहतो.

मेंदूच्या देठातला डीआयपीजी नावाचा ट्यूमर घेतलात तर वेळ अगदी थोडा असतो. हा बहुतेक करून पाच ते दहा वर्षांच्या मुलांना होतो आणि निदानानंतर निम्मी मुलंही वर्षभर राहत नाहीत. रेडिएशननंतर मात्र अनेक मुलं काही आठवडे किंवा महिने खूपच सुधारतात. तिरळा झालेला डोळा सरळ होतो, मूल पुन्हा धावतं. हे तात्पुरतं आहे असं डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. आईबापांपैकी एकाने ते ऐकलेलं असतं. दुसऱ्याने ऐकलेलं असतं आणि धावणारं मूल समोर बघून बाजूला ठेवलेलं असतं.

साल का महत्त्वाचं, ते स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीवरून कळेल. हा स्नायूंची ताकद हिरावून नेणारा जनुकीय आजार. त्याच्या पहिल्या प्रकारात पूर्वी श्वासाच्या यंत्राशिवाय बहुतेक बाळं दोन वर्षांची होत नसत. २०१६ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत त्यावरच्या नुसिनर्सेन या औषधाला मान्यता मिळाली, २०१९ मध्ये जनुक-उपचारही आला. म्हणजे २०१४ सालातलं घर आणि २०२० सालातलं घर यांची शोकांतिका एकसारखी असूच शकत नाही. पहिल्या घरात औषध नाही. दुसऱ्या घरात औषध जगात आहे, आणि ते आपल्या बाळापर्यंत, वेळेत, पोहोचेल का हा प्रश्न आहे. कथा २०२० ची आणि डॉक्टरांच्या तोंडी वाक्य २०१४ चं, असं होऊ देऊ नका. प्रेक्षागृहात अशा मुलाचा एखादा बाप बसलेला असतो.

दोघांची दोन घड्याळं

बोस्टनमधल्या डॉक्टरांनी कॅन्सरने गेलेल्या मुलांच्या आईबापांशी बोलून आणि मुलांच्या केसपेपरवरच्या नोंदी तपासून एक गोष्ट शोधली होती. मूल आता बरं होणार नाही हे डॉक्टरांच्या नोंदींत मृत्यूच्या आधी सरासरी २०६ दिवस दिसत होतं. आईबापांना ते उमगलं सरासरी १०६ दिवस आधी. हा अभ्यास २००० साली छापून आला. मधल्या शंभर दिवसांतही डॉक्टर त्या आईबापांशी बोलत असणारच. शब्द पोहोचत होते, अर्थ पोहोचत नव्हता. हे अंतर डॉक्टर आणि आईबाप यांच्यातलं. आई आणि बाप यांच्यातही असंच एक अंतर असतं, आणि माझ्या पाहण्यात जो रात्री मुलाजवळ झोपतो त्याला आधी कळतं. ती आईच असते असं नाही.

म्हणून लिहायला बसण्याआधी कागदावर दोन तारखा लिहा. आईला कळलं तो दिवस आणि बाबाला कळलं तो दिवस. संवादात त्या कुठेही येणार नाहीत, पण प्रत्येक प्रसंगाच्या वेळी कोण कुठे उभं आहे हे तुम्हाला ठाऊक असेल. ज्याला आधी कळतं तो आधी दुःख करू लागतो. बोस्टनच्याच एरिक लिंडेमन या मनोविकारतज्ज्ञाने १९४४ मध्ये या आगाऊ दुःखाबद्दल लिहिलं. त्याने एका सैनिकाची हकीकत दिली आहे. नवरा युद्धावरून परत येणारच नाही असं धरून बायकोने मनातल्या मनात त्याचा निरोप घेऊन टाकला होता. तो जिवंत परतला, तेव्हा तिच्या मनात त्याच्यासाठी जागा उरली नव्हती. मुलांच्या बाबतीत हे इतक्या टोकाला जाताना मी पाहिलेलं नाही. पण एकाने हळूहळू आवरतं घेणं आणि दुसऱ्याला ते 'हिने सोडून दिलं' असं दिसणं, हे मी घरोघरी पाहते.

दोन घड्याळांचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण इतिहासात आहे. चार्ल्स डार्विनची दहा वर्षांची मुलगी अ‍ॅनी १८५१ मध्ये आजारी पडली. तिला माल्व्हर्नला जल-उपचारासाठी ठेवलं होतं आणि शेवटच्या दिवसांत बाप तिच्याजवळ होता. आई, एमा, दूर डाउनच्या घरी. पोटातलं बाळ पुढच्याच महिन्यात जन्मायचं होतं, त्यामुळे तिला प्रवास शक्य नव्हता. दोघं एकमेकांना पत्रं लिहीत होते. म्हणजे आईच्या हातात पडणारी बातमी नेहमी आधीच्या दिवसाची. ती कालच्या सुधारणेवर आज हायसं वाटून घेत असणार, आणि तिकडे मुलगी आज खालावलेली. २३ एप्रिलला अ‍ॅनी गेली. आज फोन आहेत, व्हिडिओ कॉल आहेत, पण एकाच खोलीत झोपणाऱ्या नवराबायकोतही ही पत्रं पोहोचायला वेळ लागतो.

प्रत्यक्ष लिहिताना हे अंतर मोठ्या वाक्यांतून दाखवू नका. मला आलेल्या एका संहितेत बाप म्हणतो, 'तू आशा सोडलीस, मी सोडणार नाही.' असं घरात कोणी बोलत नाही. मी त्या लेखकाला सुचवलं, त्याच दोघांना पुढच्या वर्षीच्या बुटांबद्दल बोलायला लावा.

'एक नंबर मोठेच घेऊ या. वर्षभर जातील.'
'आत्ता बसतील असे घे ना.'
'दोन महिन्यांत घट्ट होतात गं तिला.'
'तू आत्ता बसतील असेच घे.'

यात आजाराचं नाव नाही, मृत्यू नाही, रडणं नाही. पण तिला कळलेलं आहे आणि त्याला नाही, हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही समजतं. त्यालाही तिच्या आवाजातून काहीतरी कळतं, आणि तो मोठेच बूट घेऊन येतो.

दिवसाचं वेळापत्रक आधी, प्रसंग नंतर

अशा घरात घटना कमी असतात आणि कामं फार. तुमच्या घराचं चोवीस तासांचं वेळापत्रक मांडा : किती वाजता कोणतं औषध, कोण देतं, कोण झोपतं, मशीन कोणाच्या उशाशी. प्रसंग त्यातूनच निघतात.

एक काम जवळून दाखवते. बाळाला गिळता येत नाही, म्हणून नाकातून पोटात नळी आहे. आई आधी सिरिंजने नळीतून थोडासा द्रव ओढते आणि त्याचा थेंब पीएच-पट्टीवर टाकते. रंग ५.५ किंवा त्याखालचा आला तर नळीचं टोक पोटातच आहे. नाहीतर ते सरकून फुप्फुसाकडे गेलेलं असू शकतं, मग दूध घालायचं नाही, आधी विचारायचं. पट्टी बरोबर आली की थोडं पाणी. मग सिरिंजचा दट्ट्या काढून नुसती नळकांडी नळीला जोडायची, त्यात दूध ओतायचं आणि हात वर धरायचा. दूध आपल्या वजनानेच उतरतं. हात उंच केला की भरभर जातं, खाली आणला की सावकाश. बाळाचं डोकं आणि छाती उचललेली हवी, आणि नंतरही अर्धा तास तशीच. शेवटी पुन्हा पाणी, नाहीतर नळी तुंबते. आई हे सगळं अर्धवट झोपेत करते. बाबा हात जरा जास्तच उंच धरतो, कारण त्याला कामावर जायचंय. ती काही न बोलता त्याचं कोपर खाली करते. हे रंगमंचावर संवादाशिवाय दोन मिनिटं चालू द्या. नटांना मात्र हे खरोखर शिकवा. हात उगाच हलवले की आमच्यासारख्यांना लगेच दिसतं.

फिटचंही तसंच. संहितेत मूल झटके देतं आणि आई किंचाळते. घरी सरावलेल्या आईबापांपैकी एक जण मुलाला कुशीवर वळवतो आणि दुसरा घड्याळ बघतो. पाच मिनिटं ओलांडली तर गालाच्या आत मिडॅझोलॅम हे फिट थांबवणारं औषध द्यायचं असं बहुतेकांना लिहून दिलेलं असतं. घड्याळ बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर लिहा तो प्रसंग.

दुखणं आणि मॉर्फिन

ह्यावर जरा जास्त बोलते, कारण बहुतेक लेखक इथेच घसरतात आणि त्याचा परिणाम खऱ्या घरांवर होतो.

नाटकात मॉर्फिन आलं म्हणजे शेवट आला, असा संकेत रूढ झाला आहे. त्यामुळे खऱ्या घरात आम्ही मॉर्फिनची बाटली काढली की आजी दारात उभी राहते. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या दीर्घकालीन दुखण्यासाठी मार्गदर्शन दिलं, त्यात दोनच पायऱ्या होत्या : सौम्य दुखण्याला पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन, मध्यम आणि तीव्र दुखण्याला मॉर्फिनसारखं औषध. आधीच्या तीन पायऱ्यांतली मधली, कोडीन या सौम्य अफूजन्य औषधाची पायरी मुलांसाठी काढून टाकली, कारण कोडीनचं शरीरात मॉर्फिन किती होतं हे मुलामुलाप्रमाणे बदलतं. मॉर्फिन तोंडाने, गोड पातळ औषध म्हणून देता येतं. साधं मॉर्फिन दर चार तासांनी, मधेच दुखलं तर वेगळा जादा डोस. पहिले काही दिवस मूल जास्त झोपतं, मग सरावतं. बद्धकोष्ठता मात्र सरावाने जात नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत. नीट मोजून दिलेल्या मॉर्फिनवर मुलं महिनोन्‌महिने खेळतात, चित्रं काढतात, धाकट्याशी भांडतात.

आता यात दोघांची घड्याळं घाला. जो मुलाजवळ झोपतो त्याला औषध आजच सुरू करायचं आहे. दुसऱ्याला वाटतं, ही बाटली उघडली म्हणजे आपण मान्य केलं. भांडण औषधावर होतं, विषय वेगळाच असतो. बोलू न शकणाऱ्या मुलाचं दुखणं मोजायला आमच्याकडे फ्लॅक नावाची पद्धत आहे. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत पटणं, या पाचांना प्रत्येकी शून्य ते दोन गुण, एकूण दहा. हेच कोष्टक आईबापांना दिलं, की एकाच बाळाकडे बघून आई सात लिहिते आणि बाबा तीन. दोघंही खोटं लिहीत नसतात. तो प्रसंग लिहिताना नर्सला मधे घालून निवाडा करायला लावू नका. ती दोन्ही आकडे लिहून घेते आणि डॉक्टरांना फोन करते.

सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांच्या काळजीचं केंद्र, सुरू केलं. 'समग्र वेदना' हा विचार त्यांचाच. शरीराचं, मनाचं, नात्यांचं आणि श्रद्धेचं दुखणं एकमेकांत गुंतलेलं असतं. रात्री एकटं असताना पाय जास्त दुखतो आणि बाबा आला की कमी, तर मूल ढोंग करत नसतं. तुमच्या नाटकात 'लक्ष वेधण्यासाठी करतो तो' असं कोणीतरी म्हणेलच. म्हणू द्या, पण नाटकाने त्याची बाजू घेऊ नये.

मुलाला कळतं

मला सगळ्यात जास्त खटकतं ते संहितेतलं देवदूतासारखं मूल. शांत, समजूतदार, मोठ्यांना धीर देणारं. आजारी मुलं चिडतात, हट्ट करतात, आईला ढकलतात, नेमका आवडत्या माणसावर राग काढतात. आणि त्यांना शिस्त लावायची की नाही, हा आईबापांचा रोजचा खरा प्रश्न असतो. 'तिला आता काय रागवायचं' असं म्हणून सगळ्या मर्यादा उठवल्या, की मूल घाबरतं. कारण नियम अचानक गायब झाले म्हणजे काहीतरी भयंकर आहे, एवढं चार वर्षांच्यालाही समजतं. वेळेवर झोपायला लावणारी आई त्याला सुरक्षित वाटते.

मुलाला सांगितलं नाही म्हणजे त्याला माहीत नाही, या समजुतीवर कितीतरी नाटकं उभी आहेत. मायरा ब्लूबाँड-लँगनर या मानवशास्त्रज्ञ १९७० च्या दशकात अमेरिकेत ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, वॉर्डात मुलांमध्ये वावरल्या. तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना, कोणीही सांगितलेलं नसताना, आपण मरणार आहोत हे ठाऊक होतं. औषधांची नावं, मोठ्यांचे चेहरे आणि वॉर्डातली दुसरी मुलं, यांच्यावरून ती ते जुळवत होती. आणि आईबापांना त्रास नको म्हणून आपल्याला माहीत नसल्याचं दाखवत होती. म्हणजे घरात तीन माणसं, तिघांना माहीत, तिघं एकमेकांपासून लपवताहेत. लेखकाला याहून काय हवं?

त्यातून बाहेर पडण्याचा प्रसंग लिहायचा असेल तर आईने मुलाला समोर बसवून सांगायचं, असा लिहू नका. मुलं प्रश्न आडून विचारतात. गाडीत मागच्या सीटवरून, अंघोळीत, दिवा मालवल्यावर. नजरेला नजर द्यावी लागत नाही तिथे.

'आई, मी तिकडे गेले की माझा गाऊन कोण घालणार?'

अशा वेळी आम्ही आईबापांना सांगतो, लगेच उत्तर देऊ नका, आधी विचारा, 'तुला काय वाटतं?' मूल काय विचारतंय ते त्याच्या उत्तरातून कळतं. आणि मरणाला 'झोप' म्हणू नका. मग मूल रात्री झोपायला घाबरतं, आणि धाकटं भावंडही.

बोलावं की नाही यावर स्वीडनमध्ये एक मोठी पाहणी झाली, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेली. कॅन्सरने मूल गेलेल्या आईबापांना विचारलं होतं, तुम्ही मुलाशी मरणाबद्दल बोललात का? १४७ जण बोलले होते. त्यांतल्या एकालाही त्याचा पश्चात्ताप नव्हता. न बोललेल्या २५८ जणांपैकी ६९ जणांना वाटत होतं, बोलायला हवं होतं. हा आकडा मी आईबापांना सक्तीसाठी कधी सांगत नाही. न बोललेल्यांतही बहुतेकांना तसं वाटलं नव्हतं. तुमच्या नाटकातल्या जोडप्याने बोललंच पाहिजे असं नाही. पण न बोलणं हा त्यांचा निर्णय म्हणून दिसू द्या. लेखकाने तो प्रश्न टाळल्यासारखा वाटू नये.

भावंड असेल तर त्याला एक खरं काम द्या. लहान मुलांना वाटतं की आपण रागाने काही बोललो म्हणून हे झालं. ते कोणाला सांगत नाहीत. एका ओळीत, भलत्याच वेळी, ते बाहेर येऊ द्या.

डॉक्टर, नातेवाईक, सुट्टी

डॉक्टरांच्या तोंडी 'आता आमच्या हातात काही नाही' घालू नका. चांगला डॉक्टर आधी विचारतो, 'तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय?' मग थोडक्यात सांगतो, आणि गप्प बसतो. त्या शांततेत आईबाप मोठा प्रश्न विचारत नाहीत. 'मग परवाची लस द्यायची का?' असं काहीतरी विचारतात. पुढे डॉक्टर जे बोलतात त्यातलं फारसं काही त्यांच्या डोक्यात राहत नाही, त्यामुळे तुम्हीही तिथे लांब भाषण लिहू नका. आजार बरा होणार नसला तरी दुखणं, धाप, झोप, भीती यांवर करण्यासारखं खूप असतं, आणि ते डॉक्टरांनी म्हणायला हवं.

नातेवाईकांबद्दल एवढंच. 'काही लागलं तर सांगा' म्हणणारे पुष्कळ आणि कपडे घड्या करून जाणारी एखादीच मावशी.

सुट्टीचा प्रसंग मात्र लिहाच. मुलांसाठीचं जगातलं पहिलं हॉस्पिस, हेलन हाउस, १९८२ मध्ये ऑक्सफर्डला सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका यांनी सुरू केलं. हेलन नावाच्या खूप आजारी मुलीच्या आईबापांशी त्यांची मैत्री होती, आणि मूल थोडे दिवस सांभाळायला घेतलं तर आईबापांना केवढा श्वास मिळतो, हे त्यांनी त्यातून पाहिलं. अशी दोन दिवसांची सुट्टी मिळालेलं तरुण जोडपं कल्पून बघा. नळी नाही, अलार्म नाही, मशीनचा आवाज नाही. दोघं पलंगावर बसलेत, आणि एकमेकांशी दुसऱ्या कशाबद्दल बोलायचं ते आठवत नाही. एक जण झोपून जातो. दुसऱ्याला त्याचा राग येतो. रात्री तीन वाजता दोघंही जागे होतात, कारण तीनचा डोस.

शेवट

शेवट दाखवायचा असेल तर वाक्याच्या मधे मान टाकणं नको. बहुतेक आजारांत मूल आधी काही दिवस जास्त जास्त झोपत जातं. खाणं थांबतं, आणि ते बळेबळे भरवणं त्याला त्रासाचं असतं. हे आईबापांना सांगणं हे आमच्या कामातलं सगळ्यात जड काम आहे. हातपाय गार पडतात, कातडीवर जाळीसारखे निळसर डाग दिसतात. श्वास खोल होत जातो, उथळ होतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो. चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात ते हेच. घशात घरघर होते. ऐकणाऱ्याला ती भयंकर वाटते, पण गुंगीतल्या मुलाला बहुधा तिचा त्रास नसतो. ऐकू येणं बराच वेळ टिकत असावं, म्हणून आम्ही सांगतो, बोलत राहा. त्या थांबणाऱ्या श्वासात आईबापांची दोन घड्याळं पहिल्यांदा एक होतात, असं मी अनेकदा पाहिलं आहे. नेहमी नाही. दोन तारखा शेवटपर्यंत वेगळ्या राहिल्या तरी ते खरंच आहे, जबरदस्तीने मिठी मारायला लावू नका.

मूल गेल्यावर बहुतेक जोडपी वेगळी होतात, असं एक वाक्य बऱ्याच संहितांत डॉक्टर किंवा मैत्रीण फेकते. त्याला आधार नाही. पुष्कळ जोडपी एकत्र राहतात. ताण असतो, एक जण फोटो लावतो आणि दुसरा काढतो, पण राहतात. तुमच्या नाटकात ती वेगळी झाली तर त्यांच्या स्वतःच्या कारणाने होऊ द्या. आणि नंतरचा एक प्रसंग ठेवा : ऑक्सिजनचं मशीन परत न्यायला माणूस आलाय, सही कोणी करायची.

तालमीला लागण्याआधी दोन गोष्टी करा. आजारी मुलाची भूमिका करणाऱ्या बालकलाकाराला काय चाललंय ते सोप्या शब्दांत सांगा, त्याच्या आईबापांसमोर. रोज तालीम संपल्यावर त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारून, नळी-पट्टी त्याच्याच हाताने काढायला लावा. दुसरी गोष्ट, ज्यांचं मूल अशा आजाराने गेलं आहे अशा एखाद्या आईला किंवा बापाला, त्यांची तयारी असेल तरच, संहिता वाचायला द्या. फार लवकर नको, निदान वर्ष-दोन वर्षं जाऊ द्या. 'कशी वाटली' असं विचारू नका. 'यातलं कोणतं वाक्य तुमच्या घरात कोणी बोललं नसतं?' एवढंच विचारा, आणि ते दाखवतील ते वाक्य त्यांच्यासमोरच खोडा.